साठा आणि ओघ : जमिनीचा हिशेब पुढील पिढीच्या हाती कसा द्यावा?

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यास चंद्रपूरचा रस्ता जेथे फुटतो, ते वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचे आहे. चौरस्त्यावर रात्रंदिवस वाहनांची वर्दळ असते. परंतु हमरस्ता सोडून पाव कोस आत गेले की काळी कपाशीची जमीन लागते, आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास सायंकाळी तेथे एक देखावा हटकून दिसतो. वेचणी संपलेली असते, पऱ्हाटी उपटून तिचे ढीग रचलेले असतात आणि एकामागून एक ढीग पेटविले जात असतात. धूर जमिनीलगत पसरतो व दुसऱ्या दिवशी वावरात राखेचे काळे गोल तेवढे उरतात.

अशाच एका सायंकाळी प्रस्तुत लेखक जाम परिसरातील एका वयस्क शेतकऱ्याच्या वावरात उभा होता. पऱ्हाटी जाळू नये, तिचे खत करावे, हे नेहमीचे सांगणे सांगून झाले. वृद्धाने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, तुमचं म्हणनं पटते. पण या बोंडात अळी बसली हाय. हे वावरात ठेवलं तं पुढच्या साली कपाशी हाती येईन काय? अन् कुट्टी कराचं भाडं कोन देईन?" त्या दिवशी या दोन प्रश्नांचे समाधानकारक उत्तर लेखकापाशी नव्हते. उपदेश खरा असूनही तो अपुरा होता. ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख होय.

वर्ध्याचा एक हिशेबनीस

पर्यावरण, भावी पिढ्या इत्यादी शब्द आज सर्वत्र ऐकू येतात. स्टॉकहोम येथे १९७२ साली संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. १९८७ साली ब्रंटलंड आयोगाने असे मांडले की, आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढील पिढ्यांना आपल्या गरजा भागविता येणे अशक्य होऊ नये. परंतु हाच विचार त्यापूर्वी चार दशके आपल्या वर्धा जिल्ह्यातच मांडला गेला होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते.

वर्धा येथे डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे कार्य चाले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे मूळचे तंजावरचे. लंडनमध्ये त्यांनी हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतले होते आणि पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता. तुरुंगवासात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. त्यास महात्मा गांधींनी १९४५ साली प्रस्तावना दिली. एका हिशेबनिसाने सृष्टीची खतावणी मांडावी, असे त्या ग्रंथाचे स्वरूप आहे.

कुमारप्पांच्या विचारातील एक भेद शेतकऱ्याने अवश्य समजून घ्यावा. निसर्ग आपणांस दोन प्रकारची संपत्ती देतो. एक साठ्याची व दुसरी ओघाची. कोळसा, खनिज तेल व धातू ही साठ्याची संपत्ती होय. जितकी उचलावी तितकी ती कमी होते व माणसाच्या आयुष्यात पुन्हा भरत नाही. पीक, गवत, वाढते लाकूड, पाऊस व जनावरांचे बळ ही ओघाची संपत्ती होय. मर्यादेत वापरली तर ती वर्षानुवर्षे मिळत राहते. ज्या समाजाचे जीवन साठ्यावर चालते, तेथे साठ्यासाठी ओढाताण व कलह होतात. जो समाज ओघावर चालतो, तो दीर्घकाळ टिकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कोठीत चाळीस पोती ज्वारी असली आणि दरवर्षी पिकापेक्षा पाच पोती अधिक खर्च होऊ लागली, तर आठ वर्षे घरात कोणास काही जाणवत नाही. नवव्या वर्षी मात्र कोठी रिकामी असते, आणि तोवर कारभार मुलाच्या हाती गेलेला असतो.

जमीन ओघाची की साठ्याची?

येथे कोणीही म्हणेल की शेती ही तर ओघाचीच आहे. ते खरे आहे. परंतु एका अटीवर. जमिनीतून जे निघते त्याचा उचित भाग जमिनीस परत मिळाला पाहिजे. तो मिळाला नाही, तर शेती दिसावयास शेती राहते, पण प्रत्यक्षात ती खाणीसारखी होते.

एक हेक्टर क्षेत्रावरील केवळ एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर घेतला, तर त्याचे वजन सुमारे १३० टन भरते. हा थर निसर्गास घडविण्यासाठी शतके लागतात. उताराच्या उघड्या जमिनीवरून तो काही मोजक्या पावसाळ्यांत वाहून जाऊ शकतो. वाहून जाणारी माती ही नेहमी वरची, म्हणजे सर्वांत कसदार असते.

आता पऱ्हाटीचा हिशेब पाहू. हेक्टरी साधारणतः २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. तीत नत्र सुमारे १ टक्का असतो. म्हणजे अडीच टनांत सुमारे २५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे पऱ्हाटी जाळल्याने नत्राचे नुकसान एका गोणीच्या आसपासचे आहे. एवढेच सांगितले तर शेतकरी म्हणेल, "गोणी विकत आणू." आणि त्याचे म्हणणे चूक ठरणार नाही.

खरे नुकसान सेंद्रिय कर्बाचे आहे. वाळलेल्या पऱ्हाटीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कर्बाचा असतो. अडीच टनांत तो सुमारे एक टन होतो. जाळल्यावर तो जवळजवळ सर्व धुरावाटे जातो. युरियाच्या गोणीत जमिनीस लागणारा हा कर्ब मिळत नाही. सेंद्रिय पदार्थामुळे माती भुसभुशीत राहते, पाणी मुरते, ओल टिकते आणि मातीतील असंख्य जिवाणूंस अन्न मिळते. तो कमी झाला की काळी जमीन पावसात चिकट, उन्हात दगडासारखी कठीण व भेगाळ होते. खताची मात्रा वाढवूनही उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही.

कार्यकर्त्यांनी येथे अतिशयोक्ती करू नये. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो असते. त्यातील कर्ब ०.१ टक्क्याने वाढवावयाचा म्हणजे २,००० किलो कर्ब स्थिर व्हावयास हवा. कुजताना कर्बाचा बराचसा भाग हवेत जातो. एक टनातील शंभर-दोनशे किलो टिकले तरी पुष्कळ. म्हणजे दरवर्षी नियमाने पऱ्हाटी मातीस परत दिली व इतर घट धरली नाही, तरी एवढी वाढ दिसण्यास दहा ते वीस वर्षे लागतील. आज चाळिशीत असलेल्या शेतकऱ्याने आरंभ केला, तर पुरते फळ त्याच्या मुलास मिळेल. हे काम एका हंगामाचे नसून एका पिढीने दुसऱ्या पिढीसाठी करावयाचे आहे, ते या अर्थाने.

बोंडअळीच्या प्रश्नाचे उत्तर

वृद्ध शेतकऱ्याचा पहिला प्रश्न रास्त होता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची केलेली हानी शेतकरी विसरलेला नाही. ही अळी वेचणीनंतर उरलेल्या बोंडांत व सरकीत सुप्त अवस्थेत राहते आणि पुढील हंगामात पतंगरूपाने बाहेर पडते. म्हणून पऱ्हाटी धुऱ्यावर रचून पावसाळ्यापर्यंत ठेवणे हे जाळण्याहूनही घातक आहे. "जाळू नका" एवढेच सांगून जो कार्यकर्ता परत फिरतो, तो नकळत अळीस आश्रय देतो. सांगावयाचे ते संपूर्ण सांगावे. त्याचा क्रम असा आहे :

१. फरदडीचा मोह धरू नये. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या आरंभी, पीक संपवावे.

२. शेवटच्या वेचणीनंतर वावरात शेळ्या-मेंढ्या व ढोरे सोडावीत. उरलेली हिरवी बोंडे व पाला ती खातात.

३. किडलेली बोंडे तेवढी वेचून नष्ट करावीत. टोपलीभर बोंडांसाठी गाडीभर पऱ्हाटी जाळण्याचे कारण नाही.

४. पऱ्हाटीची यंत्राने लगेच बारीक कुट्टी करावी. ढीग साठवू नये.

५. कुट्टी जमिनीत मिसळावी अथवा तिचे कंपोस्ट करावे. चांगल्या भरलेल्या ढिगात जी उष्णता निर्माण होते, तीत अळी जगत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट केल्यास जमिनीतील कोष उघडे पडून उन्हाने व पक्ष्यांमुळे नाश पावतात.

कंपोस्टासाठी आपल्या विदर्भातच सिद्ध झालेली एक पद्धत उपलब्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील शेतकरी ना. दे. पांढरीपांडे यांनी ती शोधली. त्यांच्याच नावावरून तिला 'नाडेप' म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधून भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवावयाची. त्यात काडीकचरा, शेणकाला व चाळलेली कोरडी माती यांचे थर एकावर एक द्यावयाचे, पाणी शिंपडावयाचे आणि वरून शेणमातीने लिंपून घ्यावयाचे. एका टाक्यास सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण व १,७५० किलो माती लागते. मधून मधून ओल राखली तर तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते. शंभर किलो शेणात एवढे खत होते, ही ज्याच्या घरी एक-दोनच ढोरे उरली आहेत त्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. पऱ्हाटी कठीण असल्याने तिची कुट्टी बारीक असावी, तीत सोयाबीनचे कुटार व ओला पाला मिसळावा, आणि ती कुजण्यास काही अधिक दिवस लागतील हे आधीच सांगून ठेवावे.

ढोरे कमी का झाली?

येथे शेतीचा प्रश्न राहणीच्या प्रश्नास येऊन मिळतो. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ जात पूर्वी चपळ व काटक बैलांसाठी प्रसिद्ध होती. हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्रावर तिचे जतन केले जाते. आज गावोगावी गोठे ओस पडत आहेत. ट्रॅक्टर आला, हे एक कारण होय. दुसरे कारण पीकपद्धतीत आहे. गेल्या काही दशकांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारी गेली तेव्हा ताटातील भाकरीबरोबर ढोरांचा कडबाही गेला. वैरण विकत घेणे परवडेना, म्हणून ढोरे विकली; ढोरे गेली, म्हणून शेणखत गेले; शेणखत गेले, म्हणून जमीन कठीण झाली.

एक लक्ष लोकसंख्येस कोणते धान्य, कडधान्य, तेल, भाजी व कापूस किती लागेल आणि त्यासाठी किती जमीन लागेल, याचे कोष्टक कुमारप्पांनी मांडले होते. त्यांचा आग्रह असा की पीक ठरविताना बाजारभावाबरोबर गावाची गरजही पाहावी. आज सर्व शेत ज्वारीखाली आणा असे कोणी म्हणणार नाही. सोयाबीनचा रोख पैसा शेतकऱ्यास हवा आहे. परंतु घरच्या भाकरीपुरती व गोठ्यातील ढोरांपुरती एक-दोन पट्टे ज्वारी, कपाशीच्या ओळींत तूर, धुऱ्यावर चाऱ्याचे गवत, एवढे करणे बहुतेकांस शक्य आहे. शहरात ज्वारीच्या भाकरीस पुन्हा मान मिळू लागला असताना ती पिकविणाऱ्या गावाने तीस कमी लेखू नये.

चूल

गोवऱ्या थापणे हे आपल्या घरांतील जुने काम होय. ते करणाऱ्या मायबहिणींस दोष देऊन चालणार नाही; पेटविण्यास दुसरे काही नव्हते म्हणून त्यांनी ते केले, आणि धूरही त्यांनीच सोसला. मगनवाडीतील कार्यकर्त्यांनी धुराडे असलेली सुधारित 'मगन चूल' तयार केली, ती याच कारणाने. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅसची टाकी आली. तरी टाकी संपली अथवा पैसे नसले की पुन्हा गोवऱ्या व लाकूड हाच आधार उरतो.

ज्या घरी चार-पाच ढोरे आहेत, त्यांनी गोबरगॅसचा विचार अवश्य करावा. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते व त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. शेणातील वायू चुलीस मिळतो आणि मळीच्या रूपाने खत शेतास मिळते. गोवरी पेटविली तर जाळ तेवढा मिळतो, खत मिळत नाही. मात्र पुरेशी ढोरे नसताना केवळ अनुदान आहे म्हणून संयंत्र बांधू नये. भुकेले संयंत्र लवकरच बंद पडते आणि शेजारच्या दहा घरांचा विश्वास उडतो.

पाणी

वर्धा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर तो सुमारे ४० लाख लिटर होतो. एवढे पाणी दरवर्षी ज्याच्या दारी येते, त्याने वैशाखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी, याचा अर्थ पावसापेक्षा साठवण अपुरी आहे. उतारास आडवी पेरणी, रुंद वरंबा व सरी, बांधबंदिस्ती आणि नाल्यातील गाळ काढून तो हलक्या जमिनीवर टाकणे, ही कामे जुनीच आहेत. पण पाणी वरच्या वावरातून खालच्या वावरात जाते. एकट्याने बांध घातला आणि शेजाऱ्याने फोडला तर दोघांचेही नुकसान होते. म्हणून पाण्याचे काम हे मुळात शेजारधर्माचे काम होय.

विहिरीच्या पाण्याचाही साठा व ओघ असा भेद असतो. पावसाने जेवढे मुरते तेवढा ओघ. त्याहून खोल जाऊन कूपनलिकेने उपसतो तो बहुधा साठा. संत्र्याच्या वा भाजीच्या मळ्यास ठिबक बसविले म्हणून वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजविली, तर गावाच्या साठ्यात काहीच वाचले नाही, हे ध्यानात असू द्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

वृद्धाचा दुसरा प्रश्न कुट्टीच्या भाड्याचा होता. त्याचे उत्तर कोणा एकट्या शेतकऱ्यापाशी नाही. ते गावापाशी आहे. कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी हाती घ्याव्यात :

१. वेचणी संपण्यापूर्वीच लगत वावरे असलेल्या आठ-दहा शेतकऱ्यांस एकत्र बसवावे. यंत्र एकदा शिवारात आले की ओळीने सर्वांचे काम उरकावे. यंत्राच्या खेपा वाचतात व प्रत्येकाचा भार हलका होतो.

२. प्रत्येक गावी एक नाडेप टाके लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी भरवावे आणि खत निघेल त्या दिवशी लोकांस बोलवावे. एक मूठ तयार खत दहा व्याख्यानांचे काम करते.

३. माती परीक्षणाच्या पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा शेतकऱ्यास समजावून सांगावा व तो जपून ठेवण्यास सांगावा. पाच वर्षांनी पुन्हा तपासावा. अडचण पडल्यास सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

४. ग्रामसभेत लग्नकार्याचा विषय काढावा. पंगतीनंतर प्लॅस्टिकची ताटे व पेले वाऱ्याने वावरात जातात, ढोरांच्या पोटात जातात. राज्यात २०१८ पासून अशा वस्तूंवर बंदी आहे, परंतु बंदीपेक्षा गावाचा ठराव अधिक टिकतो. पळसाच्या पत्रावळी आपल्या परिसरास नव्या नाहीत. गावाने भांड्यांचा एक सामाईक संच ठेवला तर गरिबाच्या घरचे लग्नही मानाने पार पडते.

५. या सर्व कामांत स्त्रियांस प्रथम विचारावे. चूल, पाणी, शेण व बियाणे यांचा रोजचा हिशेब त्यांच्याच हाती असतो.

समारोप

कुमारप्पांनी सृष्टीतील व्यवहाराचे पाच प्रकार दाखविले आहेत. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड आमराईत शिरून फळे खाते, पण आमराईसाठी काही करीत नाही. पक्षी घरटे बांधतो व त्याचाच उपभोग घेतो. मधमाशी सर्व पोळ्यासाठी मध साठविते. आणि पक्षीण आपल्या पिलांस चारा भरविते. मोबदल्याची अपेक्षा ती करीत नाही. या शेवटच्या प्रकारास ते सर्वांत श्रेष्ठ मानीत. आपण आपल्या वावरात यांपैकी कोणाप्रमाणे वागतो, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे.

त्या वृद्ध शेतकऱ्याकडे पुढील हंगामात लेखक पुन्हा गेला. शेजारच्या तिघांनी मिळून कुट्टीचे यंत्र आणले होते. वृद्धाने एका एकरातील पऱ्हाटीची कुट्टी करून घेतली होती. उरलेली जुन्या रीतीप्रमाणे जाळली होती. विचारता तो म्हणाला, "आधी एक एकर पाहू द्या. बाकीचं नातू पाहीन." लेखकास यात अपयश दिसले नाही. ज्या शेतकऱ्याने आपल्या नातवाच्या नावे एक एकर जमा केली, त्याने खतावणीस योग्य पानापासून आरंभ केला आहे.